कल्ला उघडून बघणाऱ्या प्रमिलाताई

प्रमिलाताई तांडेल यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मला बिल्डरच्या हेर वाटल्या. गौरवग्रंथात असं लिहू नये, हे मलाही कळतं. पण ताईंच्या पंचाहत्तरीचा लेख गुळमुळीत खोट्याने सुरू केला तर त्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवतील. त्यापेक्षा खरं सांगून टाकलेलं बरं.

आमचं वाचनालय लालबागच्या एका चाळीत, तळमजल्यावर. दाराबाहेर फळा. कुणाचा मुलगा पास झाला, कुठल्या मजल्यावर पाणी येणार नाही, कोण वारलं आणि वर दोन ओळींचं काहीतरी शहाणपण, हा रोजचा मजकूर लिहायचं काम माझं. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं शिक्षण झालं ते परळच्या औषधांच्या गोदामात, खोक्यांवर ब्रशने नावं लिहिता लिहिता. अक्षर मात्र देवाने बरं दिलं होतं, म्हणून फळा माझ्याकडे आला आणि मी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला. पुढे मी खडू सोडला. मजकूर वाचनालयातल्या संगणकावर टाइप करायचा, मोठ्या अक्षरात छापायचा आणि फळ्यावर चिकटवायचा, असं सुरू केलं. "काळाबरोबर चालायला हवं," असं मी सगळ्यांना सांगत असे.

तर एका सकाळी खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक वयस्क बाई त्या फळ्यासमोर उभ्या. वाचून झालं तरी हलेनात. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मान वर करून इमारतीकडे पाहिलं. आमच्या भागात अनोळखी माणसाने मान वर करून इमारतीकडे पाहिलं की खिडक्या आपोआप उघडतात. पुनर्विकासाच्या वाऱ्याने सगळ्यांचीच झोप हलकी झाली आहे. मी बाहेर आलो.

"काय पाहिजे?"

"हे कोण लिहितं?"

"का?"

"विचारलं."

"तुम्ही कुणाकडून आलात?"

"प्रभादेवीहून आले. चालत."

"कुठून नाही, कुणाकडून असं विचारलं मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "संशय चांगला आहे तुमचा. वाचनालयाचं सभासद व्हायचंय. आत येऊ, की आधी पिशवीची झडती घेणार?"

ही आमची पहिली ओळख. ताईंचं माहेर वरळीच्या कोळीवाड्यातलं, आई मासळी विकायची. ताई शिकल्या आणि फोर्टातल्या एका विमा कचेरीत लागल्या, तिथल्या पडताळणी विभागात त्यांची सारी नोकरी गेली. म्हणजे दुसऱ्याने संगणकात भरलेलं बरोबर आहे की नाही हे तपासायचं. घरात आई मासे पारखणारी, कचेरीत लेक आकडे पारखणारी. अशा बाईला संशय हा दुर्गुण आहे असं कोण पटवून देणार?

आता त्या संगणकाची कथा. एका कचेरीने मोडीत काढलेला तो डबा आम्हाला मिळाला होता. सुरू करायचा आणि आंघोळ उरकून यायचं, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. त्यात ज्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिने आता हिची जबाबदारी आमची नाही असं कळवून टाकलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा घरकारभार बघणारी कारभारीण. ती एकदा म्हातारी झाली आणि सासरमाहेर दोन्हींनी सोडली की घराला कडी उरत नाही, इंटरनेटवरचा कुठलाही चोर आत. कंपनीची नवी कारभारीण आमच्या डब्यात मावत नव्हती. त्याहून वाईट म्हणजे मी टाइप केलेली अक्षरं दुप्पट उमटत. 'पाणी'चं 'पपाणी' आणि 'गणपती'चा 'गगणपती'. कीबोर्ड बदलून पाहिला, तरी तेच.

आमचे अध्यक्ष बाबी सावंत, पक्के मालवणी. ते सभेत म्हणाले, "नाना, आधीच नळाक पाणी नाय आणि तू 'पपाणी' लिवतस! तो डबो आता भंगारात घाल रे, जागा खाता नुसती. तुझा अक्षर मोत्यासारखा. दसऱ्यापासून परत खडू घे हातात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत.

त्याचं कारण आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर लिहितो आहे. माझा उजवा हात थरथरतो. खडू मी काळासाठी सोडला नव्हता, हातासाठी सोडला होता. घरी, दारी, वाचनालयात कुणाला ठाऊक नव्हतं. चहा मी बशी टेबलावर ठेवून प्यायचो आणि सही करताना म्हणायचो, पेन बरोबर चालत नाही. संगणक भंगारात गेला तर दसऱ्याच्या सकाळी सगळ्या चाळीसमोर मला खडू उचलावा लागणार होता. दोन ओळींत बिंग फुटलं असतं आणि लोकांनी मोठ्या प्रेमाने, "नाना, तुम्ही आता आराम करा," म्हणत फळा दुसऱ्याच्या हाती दिला असता. म्हाताऱ्याचं काम काढून घेताना लोक फार गोड बोलतात.

तेवढ्यात कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या प्रमिलाताई म्हणाल्या, "फेकायच्या आधी उघडून बघू या का?"

दुसऱ्या दिवशी ताईंच्या पिशवीतून स्क्रू काढायचा पाना निघाला. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. खरं सांगतो, पहारा करत होतो. आजकाल जुन्या यंत्रातला चांगला भाग काढून घेऊन गणपतीला अक्षता वाहाव्यात तसं काहीबाही आत टाकणारे लोक असतात, असं मी ऐकलं होतं. झाकण निघालं आणि आत खरोखरच अक्षता! हळदकुंकवाचा चिखल, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि पंख्याच्या पात्यात अडकलेलं आपट्याचं पान.

झालं होतं असं. बाबींचे वडील गिरणीत होते, दसऱ्याला साच्याची, म्हणजे मागाची, पूजा करायचे. तीच रीत आमच्या वाचनालयात उतरली. दर दसऱ्याला बाबी संगणकाला हार घालायचे आणि जाळीतून मनोभावे अक्षता टाकायचे. पंखा बिचारा तांदूळ दळत होता, फिरणार कधी?

ताईंनी बाबींना बोलावलं. बाबी खाली बघत म्हणाले, "आमी श्रद्धेन केला हो."

"श्रद्धा चांगलीच आहे," ताई म्हणाल्या. "पूजा करा, पण बाहेरून. नैवेद्य आत नको."

साफसूफ झाल्यावर डबा थंड राहू लागला, पण कारभारीण जुनी ती जुनीच. मग ताईंनी सांगितलं की जगभरातल्या जाणत्यांनी मिळून बनवलेल्या, मुक्त, पैसे न घेता मिळणाऱ्या हलक्या ऑपरेटिंग सिस्टिम असतात आणि त्या जुन्या यंत्रांवर छान चालतात. इथे बाबींचे आणि माझे कान एकदमच टवकारले.

"फुकट गावता म्हणजे तेच्यात कायतरी आसतलाच," बाबी.

"माझंही तेच म्हणणं," मी. "फुकट कोण देतं हो ताई? देणारा एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने खिसा चाचपतो."

मला वाटलं बाई रागावतील. त्या उलट खूश झाल्या. खुर्ची ओढून समोर बसल्या.

"नाना, मच्छी घेता ना? कशी घेता?"

"कल्ला वर करून. लाल असला तर ताजी."

"आणि एखादी कल्ल्याला हात लावू देत नसेल तर?"

"तिच्याकडून घेत नाही."

"झालं तर मग. कंपनीवाले कल्ला झाकून विकतात, हे लोक उघडा ठेवतात. फुकटपणा सोडा, उघडेपणा बघा."

"पण मला त्या कल्ल्यातलं काय कळणार? मला ते सगळं सारखंच."

"तुम्हाला नाही कळणार. मलाही सगळं नाही कळत. पण बाजारात कळणारी चार माणसं असतात, ती बघतात आणि वास आला की ओरडतात. झाकलेल्या टोपलीवर कुणी ओरडू शकत नाही." वर म्हणाल्या, "आणि तीही कधीमधी चुकतात. म्हणून आपला मजकूर आपण वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायचा. विश्वास कुणावरच पुरता टाकायचा नाही."

या शेवटच्या वाक्याने मी गार झालो. जो माणूस आपल्याच मालावर संशय घ्यायला सांगतो, त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कसा?

ताईंची कामाची रीत मी तेव्हापासून बघत आलो आहे. इंटरनेटवरून घेतलेली वस्तू वाटेत कुणी हात न घालता आली का, हे ताडून बघायला बनवणारे एक लांबलचक खूण देतात, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची नुसती आगगाडी. ती आपल्याकडे आलेल्या वस्तूच्या खुणेशी जुळली पाहिजे. हे ताडून बघायचं काम संगणकही करतो म्हणे. ताई ते त्याला करायला लावतात आणि वर स्वतः पट्टी लावून एकेक अक्षर वाचतात. मी विचारलं, "संगणकाने सांगितलं ना, जुळतंय म्हणून?" तर म्हणाल्या, "त्याचं ऐकलं. आता माझं माझ्याकडून ऐकते."

या मंडळींची दुसरी चांगली सोय अशी, की नवी कारभारीण आधी पेनड्राइव्हवरून नुसती चालवून बघता येते. जुन्याला धक्का नाही. पटली नाही तर पेनड्राइव्ह काढा, घर होतं तसं. ताईंनी अशा तीन आणल्या. नावं परदेशी होती, माझ्या जिभेला वळली नाहीत.

पहिली नवरीसारखी नटलेली. खिडक्या सळसळत उघडायच्या, सावल्या पडायच्या. बाबी हरखले, "हीच घेवया!" पण वाचनालयाचं एक पान उघडलं आणि ती दम लागून बसली. ताई म्हणाल्या, "तुमच्या यंत्राची मेमरी म्हणजे दहा बाय दहाची खोली. हिचा पलंगच मावत नाही." दुसरी इतकी हलकी की वाऱ्याने उडेल. चुटकीसरशी सुरू झाली. मराठी जोडाक्षरं नीट दिसली, छपाईयंत्राशीही तिचं जमलं. सगळे म्हणाले, हीच. ताई मात्र मला म्हणाल्या, "नाना, बसा जरा. उद्याचा मजकूर टाइप करा."

मी टाइप केलं. 'पपाणी'.

"बघा!" मी म्हणालो. "यंत्रच झपाटलेलं आहे."

मग ताईंनी बाबींना बसवलं. अक्षरं नीट. ग्रंथपालबाईंना बसवलं. नीट. स्वतः बसल्या. नीट. सगळे चहाला बाहेर गेले तशा ताई हळूच म्हणाल्या, "नाना, चहा तुम्ही बशी टेबलावर ठेवून का पिता?"

"सवय."

"पहिल्या दिवशी फळ्यापुढे उभी होते ना, तेव्हाच शंका आली होती. नादुरुस्त कीबोर्डची कळ ठरलेली असते, तीच तेवढी अडते. तुमची सगळीच अक्षरं कधी ना कधी दुप्पट होत होती. म्हटलं, हे यंत्राचं नाही. लिहिणाऱ्याला बघावं. म्हणून तर विचारलं, कोण लिहितं."

"आता सगळ्यांना सांगणार?"

"मी पडताळणीत होते, नाना. चूक ज्याची त्यालाच दाखवायची असते. आणि ही चूकही नाही."

मग त्यांनी तिसरा पेनड्राइव्ह लावला. ही कारभारीण दुसरीपेक्षा जराशी जड, दिसायला साधी, घरात वावरणाऱ्या बाईसारखी. तिच्या सोयींमध्ये एक सोय अशी, की एकच कळ लागोपाठ दोनदा दाबली गेली तर दुसरा धक्का ती ऐकून न ऐकल्यासारखा करते. किती वेळ दुर्लक्ष करायचं ते आपण ठरवायचं. तसं ते जुन्या कारभारणीलाही जमत होतं म्हणे, पण तिच्या घराला कडी नव्हती. दुसरीत ताईंनी ती सोय पुष्कळ शोधली, सापडली नाही. तिसरीत त्यांनी तो वेळ थोडा वाढवला, मी टाइप केलं. थोडा आणखी वाढवला. मी पुन्हा टाइप केलं.

'पाणी'.

माझा हात थरथरतच होता. पडद्यावरचं अक्षर थरथरत नव्हतं.

लोक चहा पिऊन आले. बाबी म्हणाले, "ती दुसरी बरी होती, झटकन सुरू व्हायची." ताई म्हणाल्या, "ही जास्त टिकेल." बस, एवढंच. वाद घालणाऱ्यांना त्यांनी मेमरी, छपाई, जोडाक्षरं अशी कारणं दिली. ती सगळी खरी होती. खरं कारण मात्र त्या गिळून बसल्या, आणि आजतागायत बसल्या आहेत. मी स्वतः लिहीपर्यंत ते या गौरवग्रंथाच्या संपादकांनाही ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला संगणकाच्या वर एकच फूल होतं. फळ्यावर माझा मजकूर होता.

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "हाताचं दुखणं तपासलंत का?" असं विचारून विचारून त्यांनी मला भंडावलं. मी म्हणे, नको, नसतं काही निघायचं. त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्याला घाबरताय ते आहे की नाही, एवढं तरी बघा. भुताला भिऊन दिवा न लावण्यात काय शहाणपण?" शेवटी परळच्या इस्पितळात त्या स्वतः माझ्याबरोबर रांगेत बसल्या. ज्याला मी घाबरत होतो तो आजार निघाला नाही. वयाचा कंप, औषधाने थोडा आवरतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. ती ताईंनी चष्मा वर करून वाचली आणि विचारलं, "हे नीट वाचता येईल असं लिहाल का?" बिचाऱ्यांनी पुन्हा लिहून दिली.

आमच्या डब्याचा बोलबाला झाला आणि ताईंना बोलावणी येऊ लागली. घोडपदेवच्या चाळीतली अभ्यासिका, वडाळ्याच्या एका शिंपीणबाईंचा जुना लॅपटॉप, कितीतरी. पण त्यांनी कुणाच्या गळ्यात काही मारलं नाही. दादरला एक फोटोवाले आहेत, लग्नाचे अल्बम करतात. ते ताईंची कीर्ती ऐकून दुकानाचा संगणक घेऊन आले, "आमचाही हलका करून द्या." ताईंनी काय काम करता ते विचारलं, अल्बमचं सॉफ्टवेअर पाहिलं आणि सांगितलं, "ते यावर चालणार नाही. तुमच्यासाठी हे नाही. घेऊन जा." मी म्हणालो, एवढा माणूस आला होता, आपल्या बाजूला झाला असता. ताई म्हणाल्या, "बाजू कसली, नाना? त्याचं पोट त्या अल्बमवर आहे." मला वाटतं, ताईंच्या संशयाखाली काय आहे ते या एका वाक्यात दिसतं. त्या वस्तूवर संशय घेतात, कारण माणसाचं नुकसान त्यांना बघवत नाही.

आणि स्वतःवर तर त्या सगळ्यांत जास्त संशय घेतात. एखादं यंत्र सुधारून दिलं की आठवड्याने पुन्हा जातात, "मी काही बिघडवून तर नाही ना ठेवलं?" असं विचारत. शिंपीणबाई सांगतात, चौकशीला आल्या की नुसता चहा घेतात, तोही आपली साखर आपण घालून.

माझं म्हणाल तर माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यावर मी चिंधी लावून ठेवतो. रोज सकाळी यंत्र सुरू केलं की मनात म्हणतो, काल काय घेऊन गेलास रे? ताईंना हे ठाऊक आहे. त्या म्हणतात, "चिंधी राहू द्या. पण मधूनमधून धुवा."

आता शेवटची गोष्ट, आणि ती जाहीरपणे सांगायला हा लेख बरा. ताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आम्हाला इस्पितळाच्या रांगेत बसवणाऱ्या ताई स्वतः मात्र टाळाटाळ करतात. म्हणतात, "डॉक्टरचा कल्ला कसा उघडून बघायचा ते सांगा, मग जाते." ताई, तुम्हीच शिकवलेली रीत तुम्हाला सांगतो. आधी एकच डोळा करा. दिसतंय का, पटतंय का बघा. मगच दुसरा. डॉक्टरही तसंच करतात, मी विचारून आलो आहे. रांगेत या वेळी मी बसेन.

शंभर वर्षं जगा असं आम्ही म्हटलं तर तुम्ही विचाराल, "हे कुणी तपासलंय?" तेव्हा तसं म्हणत नाही. एवढंच म्हणतो की तुमचे डोळे लखलखीत राहोत, पाय प्रभादेवी ते लालबाग चालते राहोत, पिशवीतला पाना गंजू नये आणि तुमचा संशय आमच्या राशीला पुष्कळ वर्षं राहो.

समारंभात तुम्हाला शाल आणि श्रीफळ देण्याचा मान वाचनालयाच्या मंडळाने मला दिला आहे. मी आधी नको म्हणत होतो, सगळ्यांसमोर हात थरथरेल म्हणून. आता थरथरला तर थरथरू दे. नारळ बाबींनी कानाशी हलवून घेतला आहे, मीही हलवून पाहिला, आत पाणी आहे. तरी हातात आला की तुम्ही हलवून बघाच. नाहीतर मला वाटेल, ताईंची तब्येत बरी नाही.